मेलेली यंत्रे कोणी ओढावयाची?

(विहारातील रविवारच्या सभेत केलेले भाषण)



आज मी आपणापुढे कोणत्याही सुत्ताचे विवरण करणार नाही. मी भंगाराविषयी बोलणार आहे. विहारात बसून भंगाराची चर्चा कसली, असे आपल्यापैकी कोणाच्या मनात आले, तर त्यांना माझी एवढीच विनंती आहे की त्यांनी माझे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घ्यावे. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांचा उकिरडा उपसला, त्या समाजाहून कचऱ्याविषयी बोलण्याचा अधिक अधिकार दुसऱ्या कोणाला असणार? आणि ज्या कुटुंबांनी नुकताच धम्म स्वीकारून आपल्या जीवनाची नवी घडी बसविण्यास आरंभ केला आहे, त्यांचे तर ते कर्तव्यच आहे. ते कसे, हे माझ्या घरच्या दोन गोष्टींवरून सांगतो.

पहिली गोष्ट माझ्या आजोबांची. गावात कोणाची गाय, बैल किंवा म्हैस मेली की निरोप आमच्या वस्तीत येई. जनावर जिवंत असेपर्यंत मालकाचे असे. त्याचे दूध मालकाच्या घरी जाई, त्याची मेहनत मालकाच्या शेतात जाई, त्याचे शेणसुद्धा मालकाच्याच खतात पडे. परंतु त्याचा प्राण गेला की त्याच घटकेपासून ते आमचे होई. मग उन्हातान्हात, चिखलपावसात ते गावाबाहेर ओढून न्यावयाचे, ही आमची रीत. १९२७ सालच्या मार्चमध्ये महाडला जी परिषद भरली, तिने स्पृश्य वर्गाला काही विनंत्या केल्या होत्या. आपल्या मेलेल्या जनावरांची विल्हेवाट ज्याची त्याने लावावी, ही त्यांपैकी एक होती. आमच्या गावापर्यंत तो विचार पोचावयास बराच काळ लागला. १९५६ साली धम्मदीक्षा झाल्यावर आमच्या वस्तीने ते काम सोडले. गावाने बहिष्कार घातला. गिरणीत दळण मिळेना, दुकानात मीठ मिळेना. तेव्हा गावातील चार प्रतिष्ठित माणसे समजूत घालावयास आली. आजोबा शाळेची पायरीही न चढलेले. त्यांनी एका वाक्यात उत्तर दिले : “ज्यानं दूध प्यालं, त्यानंच मढं ओढावं.”

दुसरी गोष्ट माझी स्वतःची, आणि ती सांगताना मला संकोच वाटतो. काही वर्षांपूर्वी आमच्या घरी भिंतीवर टांगावयाचा नवा टीव्ही आला. जुना टीव्ही अवजड, मागे मोठी काचेची नळी असलेला. तो कोपऱ्यात अडचण करू लागला. रस्त्यावरून भंगारवाल्याची हातगाडी चालली होती, तिला हाक मारली. दीडशे रुपये ठरले. हातगाडीबरोबर चौदा-पंधरा वर्षांचा एक मुलगा होता. मी सहज त्याला विचारले, “याचं काय करता रे?” तो म्हणाला, “फोडतो. तांबं निघतं.” “आणि काच?” “नाल्यात.” मी पैसे खिशात घातले आणि दार लावून घेतले. त्या रात्री मला आजोबांचे वाक्य आठवले आणि झोप लागली नाही. ज्या ओट्यावरून आमच्या वस्तीत निरोप येई, त्याच ओट्यावर त्या दिवशी मी उभा होतो. टीव्ही जिवंत होता तोवर त्याचे सुख माझे होते. तो मेल्याबरोबर मी तो एका दुबळ्या पोराच्या गळ्यात घातला आणि वर दीडशे रुपयेही घेतले.

बंधुभगिनींनो, आजचे माझे सगळे भाषण या दोन गोष्टींतून निघाले आहे.

प्रथम हे मेलेले यंत्र म्हणजे काय ते नीट पाहू. ज्याला आज ई-कचरा म्हणतात, त्यात विजेवर वा बॅटरीवर चालणारी आणि निकामी झालेली सगळी उपकरणे येतात. मोबाईल, टीव्ही, संगणक, फ्रीज, धुलाई यंत्र, मिक्सर, पंखा, ट्यूबलाईट, रिमोट, मुलांची खेळणी यांची मोजदाद त्यातच होते. वरून ही वस्तू स्वच्छ व निरुपद्रवी दिसते. तिला कुजलेल्या जनावराप्रमाणे दुर्गंधी येत नाही आणि म्हणूनच तिच्याविषयी सावध राहावे असे आपणांस वाटत नाही. परंतु तिच्या पोटात विष असते. जुन्या टीव्हीच्या काचेत आणि जुन्या पद्धतीच्या डाखात शिसे असते. ट्यूबलाईटमध्ये पारा असतो. काही जातींच्या बॅटऱ्यांत कॅडमियम असते. तारांवरील प्लास्टिक जाळले की डायॉक्सिनसारखी अतिविषारी द्रव्ये हवेत मिसळतात. जुन्या फ्रीजची नळी फोडली की आतला वायू वर जातो व वातावरणाला अपाय करतो. मोबाईलची बॅटरी ठेचली तर ती पेट घेते. जोवर यंत्र अखंड आहे तोवर हे विष त्याच्या पोटात बंद राहते. हातोडा, आग व तेजाब यांनी ते मोकळे होते.

आणि आपल्या देशातील बहुतेक भंगार हातोडा, आग व तेजाब यांनीच फोडले जाते. तांब्यासाठी तारा उघड्यावर जाळतात. सर्किट बोर्डावरील सुटे भाग काढण्यासाठी तो बोर्ड शेगडीवर धरतात, तेव्हा डाख वितळतो आणि त्याचा धूर तोंडावर येतो. सोन्याचा अंश मिळविण्यासाठी बोर्ड तेजाबात बुडवितात आणि उरलेले तेजाब गटारात ओततात. हे काम करणाऱ्याच्या हातांत मोजे नसतात, नाकावर कापड असले तर असते. शिशाचा सर्वांत मोठा घाला बालकांवर होतो. ते मुलांच्या मेंदूची वाढ खुंटविते आणि गर्भातील बालकापर्यंतही पोचते. रक्तातील शिशाचे अमुक प्रमाण निर्धोक आहे असे म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगितले आहे. चीनमधील ग्वियू हे गाव एके काळी या धंद्याचे जगातील मोठे केंद्र होते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तेथील मुलांच्या रक्तात दर डेसिलिटरला सरासरी १५.३ मायक्रोग्रॅम शिसे आढळले. शेजारच्या ज्या गावी हा धंदा नव्हता, तेथे ते प्रमाण ९.९ होते.

आता या कचऱ्याचे परिमाण पाहा. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला. जगातील प्रत्येक माणसामागे हे प्रमाण ७.८ किलो पडते. त्यापैकी रीतसर गोळा होऊन ज्याच्यावर योग्य प्रक्रिया झाल्याची नोंद आहे, तो भाग २२.३ टक्के एवढाच. २०३० सालापर्यंत हा ढीग ८ कोटी २० लाख टनांवर जाईल असे तो अहवाल सांगतो. आपल्या देशापुरते बोलावयाचे तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने ठरावीक २१ प्रकारच्या वस्तूंचा हिशेब मांडला आहे. त्यानुसार २०१९-२० साली सुमारे १० लाख १४ हजार टन आणि २०२१-२२ साली सुमारे १६ लाख टन कचरा झाला. या १६ लाखांपैकी रीतसर गोळा होऊन प्रक्रियेस गेला तो सुमारे ५ लाख २७ हजार टन, म्हणजे तिसरा हिस्सादेखील नव्हे. उरलेला कचरा कोठे गेला? माझा टीव्ही गेला तेथेच गेला.

हा कचरा नेहमी उताराच्या दिशेने वाहतो. शहरातील चांगल्या वस्तीतून तो झोपडपट्टीत जातो आणि श्रीमंत राष्ट्रांतून गरीब राष्ट्रांत जातो. घानाची राजधानी आक्रा येथील अग्बोग्ब्लोशी, चीनमधील ग्वियू, आपल्या दिल्लीतील सीलमपूर ही नावे या धंद्यामुळे जगभर झाली. ज्याप्रमाणे प्रत्येक गावाला एक गावकूस असे आणि घाण तिच्या पलीकडे टाकली जाई, त्याप्रमाणे जगानेही आपली एक गावकूस उभारली आहे. हे जगाच्या लक्षात आले नाही असे नाही. घातक कचरा एका देशातून दुसऱ्या देशात नेण्यावर नियंत्रण असावे म्हणून १९८९ साली बाझल येथे आंतरराष्ट्रीय करार झाला. श्रीमंत राष्ट्रांनी असा कचरा गरीब राष्ट्रांत पाठवू नये, ही त्या करारातील दुरुस्ती अमलात येण्यास मात्र २०१९ साल उजाडावे लागले. पुढे घाना व स्वित्झर्लंड या दोन देशांच्या सूचनेवरून आणखी एक दुरुस्ती झाली. तिच्या योगाने १ जानेवारी २०२५ पासून घातक असो वा नसो, कोणताही ई-कचरा दुसऱ्या देशात पाठवावयाचा झाल्यास त्या देशाची आगाऊ संमती घ्यावी लागते. ज्याच्या दारात कचरा टाकावयाचा त्याला आधी विचारावे, एवढी साधी गोष्ट मान्य होण्यास इतकी वर्षे लागली.

येथे कोणी सुशिक्षित गृहस्थ मला अडवून म्हणतील, “अहो, त्या कचऱ्यात सोने आहे, चांदी आहे, तांबे आहे. त्यावर गरिबांची पोटे भरतात. तुम्ही त्यांच्या पोटावर का उठला?” हा युक्तिवाद आपण पूर्वी ऐकलेला आहे. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी त्याची हकिकत सांगितली होती. मेलेली गुरे ओढणे सोडल्यास महारांचे कातड्याचे, शिंगांचे, हाडांचे उत्पन्न बुडेल, असा हिशेब एका गृहस्थांनी वर्तमानपत्रात मांडला होता. बाबासाहेबांनी त्यांना सांगितले की इतका लाभ असेल तर तो लाभ तुम्हीच घ्या. आमचा लढा पैशासाठी नसून मानासाठी आहे. आज सर्किट बोर्डातील सोन्याचा हिशेब मांडणाऱ्यांनाही हेच विचारावे लागेल. सोने आहे हे खरेच आहे. एक टन खनिजात जेवढे सोने मिळते, त्याच्या कित्येक पट सोने एक टन जुन्या मोबाईलमध्ये असते. परंतु ते सोने शेवटी कोणाच्या तिजोरीत जाते आणि शिसे कोणाच्या रक्तात जाते, हाच प्रश्न आहे.

तथापि येथे एक फरक ध्यानात ठेवला पाहिजे. गुरे ओढण्याचे काम जन्माने लादलेले होते, म्हणून ते टाकून देणे हीच मुक्ती होती. भंगाराचे काम आज अनेक गरीब दलित, मुसलमान आणि गाव सोडून आलेली कुटुंबे पोटासाठी करीत आहेत. “हे काम घाण आहे, ते बंद करा” असे म्हणून त्यांना हाकलून देणे हा न्याय होणार नाही. त्यांचे पोट राहावे आणि त्यांच्या पोटात विष जाऊ नये, या दोन्ही गोष्टी एकदम साधल्या पाहिजेत. आणि त्या साधावयाच्या तर या कामाचा भार एकट्या त्यांच्या डोक्यावर राहून चालणार नाही. तो सर्वांनी वाटून घेतला पाहिजे. सामायिक जबाबदारी म्हणतात ती हीच.

परंतु सामायिक म्हणजे सारखी, असा अर्थ कोणी करू नये. गावकीची कामेदेखील ‘सर्व गावाची’ म्हणून सांगितली जात. प्रत्यक्षात ती एकाच वस्तीच्या अंगावर पडत. ज्याला ज्ञान अधिक, ज्याला नफा अधिक, ज्याच्या हाती सत्ता अधिक, त्याचा वाटा अधिक, हेच न्यायाचे माप होय. त्या मापाने एकेकाचा वाटा पाहू.

पहिला आणि सर्वांत मोठा वाटा वस्तू तयार करणाऱ्या कंपन्यांचा. वस्तूत कोणते विष आहे हे त्यांना ठाऊक असते. ती किती वर्षे टिकावी, ती उघडता यावी की चिकटवून टाकावी, हे त्याच ठरवितात, आणि नफाही त्यांचाच असतो. उपासकाने जे पाच व्यापार करू नयेत असे भगवान बुद्धांनी सांगितले, त्यांत विषाचा व्यापार आहे, हे आपणांस माहीत आहेच. म्हणून वस्तू विकल्यावर उत्पादकाची जबाबदारी संपत नाही, ती वस्तू निकामी झाल्यानंतरही चालू राहते, हे तत्त्व १९९० च्या सुमारास स्वीडनमध्ये मांडले गेले आणि पुढे अनेक देशांनी स्वीकारले. आपल्या देशात ते २०११ सालच्या नियमांनी आले. ते नियम १ मे २०१२ पासून लागू झाले. त्याच नियमांनी नव्या वस्तूतील शिसे, पारा इत्यादींचे प्रमाण वजनाच्या ०.१ टक्क्याहून आणि कॅडमियमचे ०.०१ टक्क्याहून अधिक असू नये अशी मर्यादा घातली. २०१६ साली हे नियम बदलले. सध्याचे नियम २०२२ सालचे असून ते १ एप्रिल २०२३ पासून अमलात आहेत. त्यांत १०६ प्रकारच्या वस्तू येतात. या नियमांनी कंपन्यांना पुनर्प्रक्रियेचे लक्ष्य ठरवून दिले : पहिली दोन वर्षे ६० टक्के, पुढील दोन वर्षे ७० टक्के आणि २०२७-२८ पासून ८० टक्के. कंपनीने नोंदणी झालेल्या प्रक्रिया-उद्योगाकडून त्या प्रमाणात काम झाल्याची प्रमाणपत्रे विकत घ्यावयाची असतात. या प्रमाणपत्रांचा भाव फार पडू नये म्हणून सरकारने किमान दर बांधून दिला, तेव्हा काही मोठ्या कंपन्यांनी न्यायालयाचे दार ठोठावले. दूध पिणाराला मढे ओढणे आजही जड जाते, हेच यावरून दिसते.

दुसरा वाटा सरकारचा व नगरपालिकांचा. २०२२ च्या नियमांत या कामातील मजुरांची ओळख व नोंदणी करणे, त्यांचे गट उभारण्यास मदत करणे, त्यांना कौशल्याचे शिक्षण देणे आणि त्यांच्या सुरक्षेची व आरोग्याची दरवर्षी पाहणी करणे, ही कामे राज्याच्या यंत्रणेकडे सोपविली आहेत. या उद्योगासाठी औद्योगिक वसाहतीत जागा राखून ठेवण्याचेही त्यांत सांगितले आहे. घरच्या कचऱ्यात मिसळलेला ई-कचरा वेगळा काढून योग्य ठिकाणी पोचविणे हे नगरपालिकेचे काम आहे. कागदावर हे सारे उत्तम आहे. परंतु हक्क नियमांत लिहिला गेला म्हणून तो पदरात पडत नाही, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक असेल? तो मागावा लागतो.

तिसरा वाटा शिकलेल्यांचा आणि त्यांच्या संस्थांचा. २०१० सालच्या एप्रिलमध्ये दिल्लीतील मायापुरीच्या भंगार बाजारात घडलेली हकिकत ऐका. एका विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात कोबाल्ट-६० हा किरणोत्सर्गी पदार्थ असलेले एक जुने उपकरण कित्येक वर्षे पडून होते. विद्यापीठाने ते भंगार म्हणून लिलावात काढले. बाजारातील माणसांनी ते धातूसाठी फोडले. आत काय आहे याची त्यांना काहीच कल्पना नव्हती. अनेक जण किरणोत्सर्गाने आजारी पडले आणि एक मजूर मृत्यू पावला. येथे विष कोणी निर्माण केले, कोणी विकले आणि कोणी भोगले, ते पाहा. ज्यांना माहीत असावयास हवे होते त्यांनी सांगितले नाही, आणि ज्याला माहीत असणे शक्यच नव्हते तो मेला. आपली मुले आज शाळा-महाविद्यालयांत, कचेऱ्यांत, बँकांत आहेत. आपल्या संस्थेतील जुने संगणक कोठे जातात, हे विचारण्याचे काम त्यांनी अंगावर घ्यावे. वर्षात १००० किंवा त्याहून अधिक उपकरणे वापरणाऱ्या संस्थेने आपला कचरा नोंदणीकृत उद्योगाकडेच द्यावा, असे २०२२ चे नियम सांगतात.

चौथा वाटा तुमचा आणि माझा, म्हणजे वस्तू वापरणाऱ्या कुटुंबांचा. जपानमध्ये १९९८ साली झालेला व २००१ पासून लागू असलेला कायदा पाहा. तेथे टीव्ही, फ्रीज, धुलाई यंत्र व वातानुकूलन यंत्र टाकून देताना वापरणारा त्याच्या पुनर्प्रक्रियेचा खर्च देतो, दुकानदार ती वस्तू परत घेतो आणि कंपनी तिच्यावर प्रक्रिया करते. प्रत्येकाचा वाटा ठरलेला आहे. त्याच देशाने ऑलिंपिकच्या पदकांसाठी एप्रिल २०१७ ते मार्च २०१९ या दोन वर्षांत लोकांकडून जुनी उपकरणे मागितली. लोकांनी सुमारे ७९ हजार टन उपकरणे दिली. त्यांत ६२ लाखांवर मोबाईल होते. त्यांतून ३२ किलो सोने, ३,५०० किलो चांदी आणि २,२०० किलो कांस्य निघाले, आणि सुमारे ५,००० पदके झाली. मेलेल्या यंत्राचे मोल योग्य मार्गाने केले तर ते सन्मानाने गळ्यात घालता येते. आडमार्गाने केले तर तेच गरिबाच्या गळ्याशी येते.

आपल्या देशात घरगुती ग्राहकाला नियमांनी कोणत्याही दंडाने बांधलेले नाही, त्याला त्याच्या विवेकावर सोडले आहे. जेथे कायदा पोचत नाही, तेथेच शीलाची परीक्षा होते. विनयपिटकातील एक प्रसंग या संदर्भात मला फार मोलाचा वाटतो. राजा उदेनाच्या राण्यांनी भदंत आनंदांना पाचशे चीवरे दान दिली. एवढ्या वस्त्रांचे हे भिक्षू काय करणार, दुकान मांडणार काय, असा राजाला संशय आला. त्याने जाऊन विचारले. आनंदांनी सांगितले की ज्यांची चीवरे जीर्ण झाली असतील त्यांना ती वाटून देऊ. मग जुन्या चीवरांचे काय कराल? त्यांची पांघरुणे करू. ती जुनी झाल्यावर? गाद्यांच्या खोळी करू. नंतर त्यांची बैठक, नंतर पायपुसणे, नंतर झाडपुसीची फडकी, आणि शेवटी त्या चिंध्या मातीत मळून भिंती-जमिनी लिंपू. राजाचे समाधान झाले. वस्तू वापरणाराने तिच्या शेवटच्या धाग्यापर्यंतचा विचार आधीच करून ठेवावा, ही शिकवण संघाने इतक्या प्राचीन काळी आचरणात आणली होती. आपण मात्र मोबाईल घेताना त्याच्या काचेची चकाकी पाहतो आणि त्याचा शेवट कोठे होणार हे विचारीत नाही.

पाचवा वाटा प्रत्यक्ष काम करणाऱ्यांचा. त्यांचा भार पूर्वीच इतका आहे की त्यात भर घालणे अन्यायाचे होईल. त्यांचा वाटा संघटनेचा आहे. पुण्यात १९९३ साली कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या कष्टकऱ्यांनी आपली पंचायत स्थापन केली. त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि त्याही बहुतांशी दलित समाजातील. कचराकुंडीत हात घालणाऱ्या या भगिनींना लोक चोर समजत. त्यांनी ओळखपत्रे मिळविली, त्यांना महानगरपालिकेची मान्यता मिळविली, आणि २००८ साली ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था पालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करू लागली. पुढे जुनी इलेक्ट्रॉनिक उपकरणे गोळा करण्याचे कामही या संस्थेने हाती घेतले. तेच हात, तोच कचरा. परंतु कुंडीतून वेचणारी स्त्री आता कराराने काम करते आणि कामाचा मोबदला मागू शकते. काम टाकून न देता कामातील गुलामी टाकून देता येते, याचे हे उदाहरण आपल्याच मातीतील आहे.

बंधुभगिनींनो, आता प्रत्यक्ष काय करावयाचे ते थोडक्यात सांगतो.

एक, गरजेवाचून नवे यंत्र घेऊ नका. जे आहे ते दुरुस्त करून वापरा. शेजाऱ्याचे नवे आले म्हणून आपले जुने होत नाही. लग्नकार्यांत आंदण म्हणून मोठी यंत्रे देण्याचा हव्यास आपल्यातही शिरला आहे, तो आवरा.

दोन, वस्तू घेताना दुकानदाराला विचारा की ती निकामी झाल्यावर कंपनी परत घेते काय आणि कोठे. शंभर ग्राहकांनी हा प्रश्न विचारला की दुकानदारालाही तो कंपनीला विचारावा लागतो.

तीन, बॅटरी, ट्यूबलाईट, मोबाईल हे ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका, फोडू नका, जाळू नका. निराळ्या पेटीत ठेवा आणि मुलांच्या हाती देऊ नका.

चार, प्रत्येक विहाराने आपल्या वस्तीसाठी वर्षातून दोनदा अशा वस्तू गोळा कराव्यात आणि त्या नोंदणीकृत उद्योगाकडे किंवा कचरावेचकांच्या मान्यताप्राप्त संस्थेकडे द्याव्यात. दिल्याची पावती घ्यावी व ती सभेत वाचून दाखवावी. कोणाला थोडे पैसे कमी मिळतील. माझ्या त्या दीडशे रुपयांचा हिशेब आपण ऐकलाच आहे.

पाच, आपल्या वस्तीतील वा शेजारच्या वस्तीतील जे कुटुंब हे काम करीत असेल, त्याला तुच्छ लेखू नका. त्याच्या मुलांना शाळेत घाला. त्याची नोंदणी व्हावी, त्याला मोजे व मुखपट्टी मिळावी, त्याची आरोग्य तपासणी व्हावी, यासाठी नगरपालिकेकडे अर्ज करा आणि अर्जाचा पाठपुरावा करा. तो भंगारवाला कोणत्या धर्माचा व कोणत्या जातीचा आहे हे विचारू नका. तशी विचारपूस करूनच एके काळी आपल्याला गावाबाहेर ठेवले होते.

शेवटी एकच सांगतो. धम्मदीक्षेने आपण मेलेल्या गुरांचे दोर हातातून टाकून दिले, याचा आपणांस अभिमान आहे आणि तो योग्यच आहे. परंतु आपण टाकलेला दोर दुसऱ्या कोणाच्या गळ्यात पडत असेल, आणि तो टाकणारे हात आज आपलेच असतील, तर आपला अभिमान अपुरा आहे. दुसऱ्याचे मढे ओढण्याचे नाकारले तेव्हा आपण माणूस झालो. आपले मढे दुसऱ्याकडून ओढवून घेण्याचे नाकारू, तेव्हाच आपण बौद्ध म्हणविण्यास पात्र होऊ.

तो मुलगा मला पुन्हा दिसला नाही. त्याचा हात मी आता धरू शकत नाही. परंतु आपल्या दारावरून उद्या जी हातगाडी जाईल, तिच्यामागेही कोणीतरी मुलगा असेल. त्याला हाक मारण्यापूर्वी क्षणभर थांबा आणि या यंत्राचे दूध कोणी प्यायले, हे स्वतःला विचारा.

जयभीम! नमो बुद्धाय!